दोनदा दगा दिलेली रायफल कंपनी: तिसऱ्यांदा विश्वास ठेवण्याआधी काय तपासायचं

एप्रिलमध्ये माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलीचे वडील नेमबाजीच्या रेंजवर एक लांबट केस घेऊन आले. आत दहा मीटरची एअर रायफल होती, जुनी पण फारशी न वापरलेली. विकणारा नागपूरचाच. त्याच्या मुलाचं खेळणं सुटलं म्हणून तो ती काढत होता. वडील म्हणाले, "सर, चांगल्या भावात भेटून राहिली. घेऊन टाकू का?" मी कंपनीचं नाव पाहिलं आणि लगेच म्हणालो, "ही नको."

मुलगी बाजूलाच उभी होती. तिनं विचारलं, "काहून नको, सर?"

मी तिला सांगू लागलो. या कंपनीच्या दोन रायफली मी वापरल्या, पहिली २०१२ मध्ये घेतलेली, दुसरी २०१७ मध्ये. दोन्हींचा नेम सरकायचा, आणि दोन्हींनी ऐन स्पर्धेत मान खाली घालायला लावली. ती ऐकत होती आणि मध्ये मध्ये विचारत होती: नेम कुठे सरकायचा? वर की बाजूला? रोज की कधी कधी? उत्तरं देता देता माझ्या ध्यानात आलं की पहिल्या रायफलीत काय बिघडलं होतं ते मला पक्कं माहीत आहे, आणि तो दोष कंपनीचा नव्हताच. तरी इतकी वर्षं मी तो कंपनीच्याच खात्यावर मांडून ठेवला होता.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या. हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे मोजमाप लिहून ठेवायची सवय आहे. त्या वह्यांतून, आणि त्या रायफलीवर पुढे महिनाभर आम्ही जे तपासलं त्यातून, हे लिहितो आहे. नेम सरकतो, दुरुस्त होतो, पुन्हा सरकतो आणि शेवटी कंपनीवरूनच मन उडतं, अशा अवस्थेत जो कोणी असेल त्याच्यासाठी. कंपनीचं नाव देत नाही. माझा अनुभव दोन नगांचा आहे, तेवढ्यावर कोणाची बदनामी करणं मला पटत नाही.

आधी तक्रार नीट लिहा

"रायफल खराब आहे" ही तक्रार झाली नाही. गोळ्या कुठे जातात, कधी जातात, आणि त्या वेळी रायफलीच्या हवेच्या सिलिंडरमध्ये किती हवा होती, हे लिहिलं की तक्रार होते. माझ्या वहीत प्रत्येक सत्रासाठी एक ओळ असते: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, सिलिंडरचा दाब, छर्ऱ्यांच्या (एअर रायफलीच्या गोळ्यांच्या) डबीवरचा लॉट नंबर आणि गोळ्या कोणत्या बाजूला गेल्या. आठ-दहा सत्रांच्या ओळी झाल्या की अर्धा उलगडा आपोआप होतो.

गोळ्या वर-खाली पसरत असतील तर संशय हवेवर घ्यायचा: रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा ठरलेल्या दाबाला सोडणारा भाग), व्हॉल्व्ह, सिलिंडरमधला दाब. डावी-उजवीकडे पसरत असतील तर डायॉप्टरचा (नेम धरायच्या मागच्या साइटचा) पाया, स्टॉकचे स्क्रू, रायफल तिरकी धरण्याची सवय आणि रेंजवरचा उजेड पाहायचा. चारही बाजूंना फुलासारख्या पसरत असतील तर छर्रा नळीला मानवत नाही, किंवा ब्रीचची (छर्रा भरायच्या जागेची) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेली आहे, किंवा नळीच्या तोंडाला इजा आहे. ओ-रिंगची परीक्षा सोपी आहे. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीजवळ धरायला कोणाला तरी सांगा आणि सुरक्षित दिशेला, गोळीरोधासमोर, एक गोळी झाडा. पट्टी फडफडली तर हवा गळते आहे. ही ओ-रिंग काही रुपयांची असते, आणि तिच्यापायी लाखाच्या घरातली रायफल विकून टाकलेली माणसं मी पाहिली आहेत.

फक्त विश्रांतीनंतरची पहिली गोळी वेगळी जात असेल तर ती जात निराळी. तिच्याकडे पुढे येतो, कारण माझी दुसरी रायफल तिनेच गेली.

पहिली रायफल आणि घरचा कूलर

२०१३ च्या जूनमध्ये माझ्या पहिल्या रायफलीच्या गोळ्या वर-खाली पसरू लागल्या. एका सत्रात नेम चांगला, दुसऱ्या सत्रात तीन-चार मिलिमीटरची लांबट रांग. कंपनीला शिव्या घालत मी डायॉप्टरच्या क्लिक फिरवत राहिलो. शेवटी टूलरूममधल्या एका सहकाऱ्याने हवा पूर्ण काढून रेग्युलेटर उघडला. आतल्या वाटीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरवर गंज होता आणि कडेला पांढरी पूड. तो म्हणाला, "भाऊ, याच्यात तर पाणी शिरून राहिलं न. भरता कुठं तुम्ही हे?"

भरायचो घरी, हातपंपाने. उन्हाळ्यात भरायचो, कारण नागपूरचा एप्रिल-मे कोरडा, हवेत ओल नसते अशी माझी समजूत. बाहेरच्या हवेपुरती ती खरी होती. पण मी बाहेर उन्हात पंप मारत नव्हतो. बाहेर ४५ अंश असताना कोण मारेल? मी बैठकीच्या खोलीत, वाळ्याची ताटी लावलेल्या कूलरसमोर बसून मारायचो. कूलरचं कामच हवेत पाणी मिसळायचं. मी मे महिन्यात पावसाळ्याची हवा सिलिंडरमध्ये भरत होतो.

हिशेब करून पाहिला तेव्हा पोटात खड्डा पडला. साधारण २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा म्हणजे खोलीतली ४० लिटर हवा त्यात कोंबायची. कूलर चालू असलेल्या ३० अंशांच्या खोलीत एक घनमीटर हवेत २०-२५ ग्रॅम पाणी सहज असतं. म्हणजे रिकामा सिलिंडर एकदा भरताना एक ग्रॅमच्या आसपास पाणी पंपाच्या तोंडी येतं. दाब वाढला की त्यातलं बहुतेक पाणी थेंब होऊन बसतं. काही पंपाची कळ सोडताना बाहेर पडतं, उरलेलं आत जातं. मी हे दर आठवड्याला करत होतो.

त्या वॉशरची ताकद गंजाने बदलली की रेग्युलेटर ठरलेला दाब पाळत नाही. दाब बदलला की वेग बदलतो, आणि वेग बदलला की गोळी वर-खाली जाते. एवढी सरळ साखळी. ती समजल्यावरही मी पुढच्याला सांगताना "त्या कंपनीचा रेग्युलेटर टिकत नाही" असंच सांगत राहिलो. याचं मला आज वाईट वाटतं. माझ्या बोलण्यावरून दोघा-तिघांनी तरी चांगल्या रायफली घेतल्या नसतील.

तेव्हा वर-खालीचा त्रास असेल तर पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हवा कुठून येते? हातपंप असेल तर कूलरपासून दूर, पावसाळ्यात शक्य तर नकोच, आणि पंपाला ओल शोषणारा फिल्टर हवाच. कंप्रेसरवरून भरत असाल तर त्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा, लाजू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वेल्डिंगवाल्याकडे सहज मिळतो म्हणून ऑक्सिजन सिलिंडरवरून रायफल कधीही भरू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीसचा थेंब पुरतो, स्फोट होतो. ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसच लावा, साधं मशीन ऑइल नाही. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ६५ अंशांना सुमारे २२७ बार होतो, आणि मे महिन्यात सदरला किंवा बर्डीला गाडी दोन तास उन्हात राहिली तर आतली उष्णता तिथपर्यंत जाते.

शिकंजा आणि क्रोनोग्राफ

रायफल की नेमबाज, हा वाद बोलून मिटत नाही. शिकंजा लागतो. आमच्याकडे जड लोखंडी टेबलावर बसवलेला व्हाइस आहे, जबड्यांना जाड रबर. नळी किंवा सिलिंडर कधीच आवळायचे नाहीत, त्यांच्यावर जोर आला की मोजमापच खोटं ठरतं. रिसीव्हरच्या (नळी बसते त्या मधल्या धातूच्या) भागात किंवा स्टॉकला पकडायचं. दहा गोळ्यांचा एक ग्रुप, असे पाच ग्रुप, दर ग्रुपला नवा कागद. आणि त्याच व्हाइसमध्ये एक भरवशाची दुसरी रायफलही लावून पाहायची, नाहीतर टेबल हलतंय की रायफल, हे कळत नाही.

भोकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. माझा नियम असा आहे: दहा गोळ्यांचं भोक ७ मिलिमीटरच्या आसपास राहिलं तर नळीवर आरोप नाही. छर्राच मुळात ४.५ मिलिमीटरचा असतो, हे विसरू नका. ८-९ च्या पुढे गेलं तर आधी छर्रे बदला. एकाच नावाच्या दोन डब्यांचे लॉट वेगळे असतात, डोक्याचं माप ४.४९ की ४.५० याने फरक पडतो. निदान चार लॉट लावून पाहिल्याशिवाय नळीला नावं ठेवू नका. हे काम कंटाळवाणं आहे. एका दुपारी दोनशे गोळ्या जातात. पण एवढ्यातच निम्म्या "खराब" रायफली निर्दोष सुटतात.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र. तो नसेल तर कोणाचा तरी एक दिवस मागून आणा, फोनला जोडता येणारे छोटेही मिळतात. मॅच रायफलीचा छर्रा साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो १७-१८ मिलिमीटर खाली येतो. साइट हे गृहीत धरूनच लावलेली असते. आता वेग ५ मीटरने कमी झाला तर छर्रा आणखी साधारण १ मिलिमीटर खाली बसतो. दशांश गुणांत ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण जातो, म्हणजे १ मिलिमीटरला ०.४. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ६० गोळ्यांत, गोळीला जास्तीत जास्त १०.९ म्हणजे एकूण ६५४ गुणांच्या खेळात, हे अंतर पार बुडवणारं आहे, आणि रायफल हातात घेऊन ते कळतही नाही. सगळं नीट केलेलं असतं, तरी ९.९ येतो.

म्हणून मी दहा गोळ्यांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात ३ मीटरपेक्षा जास्त फरक स्वीकारत नाही. आणि ही चाचणी तीन वेळा करतो: सिलिंडर पूर्ण भरलेला असताना, निम्मा असताना, आणि कंपनीने सांगितलेल्या किमान दाबाच्या जरासं वर असताना. रेग्युलेटर धड असेल तर तिन्ही वेळा आकडे सारखे येतात. किमान दाबाखाली वेग पडणारच, तो दोष नाही. गेजकडे न बघता सामना खेळणारे मी पाहिलेत, शेवटच्या दहा गोळ्या खाली जातात आणि खापर रायफलीवर फुटतं.

यानंतरही रायफल निर्दोष निघाली तर मग नेमबाजाकडे वळा, आणि हे जरा हळुवारपणे करा. नागपूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या रेंजवर, दुपारी तीन वाजता जाड जॅकेट-ट्राउझर घालून उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या गोळ्या सरकणार. घामाने जॅकेट मऊ पडतं, नाडी चढते, पायाची ठेवण बदलते. सकाळी साडेसहाला तीच मुलगी, तीच रायफल, आणि फरक आकाशपाताळाचा. रायफलींची अदलाबदल करून पाहा: तिची तुम्ही झाडा, तुमची तिला द्या. त्रास कोणाबरोबर जातो ते दोन दिवसांत दिसतं. पण तिला "तुझंच चुकतंय" असं आधी म्हणू नका. आधी यंत्र तपासा, मग माणूस. उलटं केलं तर पोराचा स्वतःवरचा विश्वास जातो, आणि तो परत आणायला रेग्युलेटरपेक्षा जास्त दिवस लागतात.

दुसरी रायफल: इथे मात्र चूक कंपनीची

२०१७ ची रायफल मी कोरडी हवा, चांगला फिल्टर, सगळं सांभाळून वापरली. आठ महिन्यांनी पहिली गोळी चुकू लागली. दहा गोळ्या झाडा, ठीक. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा झाडा, पहिली गोळी वर, मग बाकीच्या जागेवर. क्रोनोग्राफवर पहिल्या गोळीचा वेग ६-७ मीटरने वेगळा. रेग्युलेटरची बैठक (हवा अडवणारी आतली सीट) झिरपत असली की असं होतं: दाब ठरलेल्या जागी थांबत नाही, हळूहळू चढत राहतो आणि थांबलेल्या रायफलीत जास्तीची हवा साचते. सराव सत्रात हे झाकलं जातं, कारण तिथे आपण सतत झाडत असतो. स्पर्धेत नेमबाज थांबतो, श्वास सावरतो, रायफल खाली घेतो. तिथे ते उघडं पडतं.

वॉरंटी होती, रायफल पाठवली. साडेतीन महिन्यांनी परत आली. सोबत कागद नव्हता. काय बदललं, काय तपासलं, एक ओळ नाही. मी क्रोनोग्राफवर लावली, आकडे तसेच. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. तोवर माझा राज्य स्पर्धेचा एक मोसम गेला आणि ज्या विद्यार्थ्याला मी ती वापरायला देणार होतो त्याचाही गेला. त्याने नंतर खेळ सोडला. फक्त रायफलीमुळे सोडला असं मी म्हणणार नाही, पण ते महिने तो रोज येऊन विचारायचा, "सर, आली का?" हे मी विसरलेलो नाही.

बिघाड होणं आणि बिघाडानंतरचं वागणं, या दोन्हींचा हिशेब मी आता वेगळा ठेवतो. बिघाड कोणालाही चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ती ५७५ गुणांवर बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच खेळात ती २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेऊन आली, मिश्र सांघिक प्रकारात आणखी एक. जगातलं उत्तम साहित्य वापरणाऱ्यालाही ऐन वेळी यंत्र नाही म्हणू शकतं. त्यामुळे "एकदा बिघडली" हे कंपनी सोडायला पुरेसं कारण मी मानत नाही. तीच रायफल तोच दोष घेऊन दोनदा परत आली आणि कोणी एक ओळ लिहून दिली नाही, हे मात्र मानतो.

जुना नग पाहताना

केस उघडली की आधी सिलिंडरवर कोरलेला महिना-वर्ष पाहा. सिलिंडरचं आयुष्य उत्पादनापासून साधारण दहा वर्षं धरतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. तो मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. दोन वर्षं उरलेला सिलिंडर असेल तर नव्याची किंमत भावातून वजा करून बोला. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहा. रायफलीचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल आठ जूलच्या आसपास असते, त्यामुळे ती चिंता नसते. तरी बिल नसलेली वस्तू घेऊ नका.

स्टॉक, बट प्लेट, रंग वगैरे नंतर. त्यावर लोक फार वेळ घालवतात.

त्या मुलीच्या रायफलीचं आम्ही हे सगळं केलं. सिलिंडर २०१९ चा निघाला. शिकंज्यात पाच ग्रुप: ६.४, ६.८, ७.१, ६.५, ६.६. नळी उत्तम. मला बरं वाटलं आणि थोडं खजीलही, कारण मी ती न उघडताच परत पाठवणार होतो. क्रोनोग्राफवर दहा गोळ्या १७१ ते १७३ च्या आत. मग वीस मिनिटं थांबलो. वडील म्हणाले, "सर, झालं न आता?" मी म्हटलं, अजून नाही.

पहिली गोळी १७४.९. पुढची १७२. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा पहिली १७५ च्या जवळ. निम्म्या दाबाला केलं तर फरक एक मीटरवर आला. म्हणजे तीच ओळखीची झिरप, माझ्या जुन्या रायफलीपेक्षा बरीच सौम्य, आणि फक्त भरलेल्या सिलिंडरवर दिसणारी.

मला त्या क्षणी राग आला हे खरं आहे. पाच वर्षं न वापरता पडलेल्या रायफलीची रेग्युलेटरची बैठक कोरडी पडून झिरपू शकते, कंपनी कोणतीही असो, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात होत्या. म्हणून लगेच निर्णय दिला नाही.

कंपनीला विचारलेले तीन प्रश्न

विक्रेत्यामार्फत मी तीन प्रश्न लेखी पाठवले. २०१७ नंतर रेग्युलेटरच्या बैठकीचा आकार किंवा साहित्य बदललं आहे का, आणि कोणत्या नंबरपासून? ती बैठक आणि ओ-रिंगचा संच भारतात साठ्याला आहे का, नागपूरला किती दिवसांत पोहोचतो? दुरुस्तीला रायफल पाठवली तर परत येताना वेगाचे आकडे लिहिलेला कागद मिळेल का?

पहिल्याचं उत्तर आलं: हो, बदललं आहे, आणि हा नंबर बदलानंतरचा आहे. दुसऱ्याचंही आलं: संच मिळेल, आठवड्याभरात. आणि तो खरोखर आला, नवव्या दिवशी का होईना. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, तरी नाही.

हे प्रश्न फोनवर विचारू नका. फोनवर सगळे हो म्हणतात. लेखी विचारलं की उत्तर येतं किंवा येत नाही, आणि दोन्हींतून कळतं. नागपुरात बसलेल्या माणसाला हे जास्त जाणवतं. मुंबई-पुण्याचा नेमबाज बिघडलेली रायफल काखेत मारून वरळीला किंवा बालेवाडीला ओळखीच्या माणसाकडे नेऊ शकतो. आपण दुरांतोचं तिकीट काढतो, किंवा कुरिअर करून वाट पाहतो. त्यामुळे माझ्या लेखी रायफलीच्या किमतीइतकंच महत्त्व याला आहे की तिचा रेग्युलेटर उघडू शकणारा हात गावात आहे की नाही, आणि सुटे भाग त्या हातापर्यंत पोहोचतात की नाही. आमच्याकडे तो हात आहे, तोच माझा टूलरूमचा सहकारी. तो नसता तर माझं उत्तर बदललं असतं. त्याच्यासारखं कोणी नसेल तर स्वतः रेग्युलेटर उघडायचा प्रयत्न करू नका. आत अडकलेला दाब डोळा घेऊ शकतो.

शेवटी काय केलं

बैठक बदलून घेतली. खर्च विकणाऱ्याने भावातून कमी केला, कारण आकडे कागदावर होते आणि त्यावर वाद घालायला जागा नव्हती. नंतर तीन दिवस चाचण्या: सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, बाहेर ४४ अंश असताना. विश्रांतीनंतरची पहिली गोळी आणि दहावी गोळी यांत दीड मीटरच्या आत फरक. मुलीने स्वतः आकडे लिहिले, मी फक्त वाचून दाखवले. मग मी तिच्या वडिलांना म्हणालो, घ्या.

हा त्या एका रायफलीवरचा विश्वास आहे. तिचा नंबर, तिची नळी, तिचे आकडे मला माहीत आहेत. रेंजसाठी नवी रायफल घ्यायची आहे, आणि तिथे मी याच कंपनीचं नवं मॉडेल अजून घेतलेलं नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर विचार करेन. पैसे भरण्याआधी दोन दिवस शिकंज्यावर लावू देणारा आणि नापास झाली तर परत घेणारा विक्रेता मिळाला तर जास्त विचार करेन. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र आता "ही कंपनी नको" असं सांगत नाही. दोन्ही वह्या पुढे ठेवतो: २०१३ ची, ज्यात चूक माझ्या कूलरची होती, आणि २०१८ ची, ज्यात नव्हती.

मृगाचा पाऊस लागला की पुढची चाचणी. हवेत ओल आली की हातपंप बंद, सिलिंडर फक्त फिल्टर बदललेल्या कंप्रेसरवरून, केसमधला फोम उन्हात वाळवून घ्यायचा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. मग पुन्हा वीस मिनिटांची विश्रांती आणि पहिली गोळी. जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. ऑगस्टचा आकडाही दीड मीटरच्या आत आला तर मुलगी ती रायफल घेऊन राज्य स्पर्धेला जाईल, नाहीतर रेंजची जुनी रायफल तिच्यासाठी राखून ठेवली आहे.